दिवाली रिडिम: एक बीट, तीन हिट गाणी, आणि चोरीचा प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा आलाय की शॉन पॉलचं 'गेट बिझी', वेन वंडरचं 'नो लेटिंग गो' आणि ल्युमिडीचं 'नेव्हर लीव्ह यू' या तिन्हीच्या मागे तीच टाळ्यांची बीट आहे, मग ढापली कोणी, तिला दिवाली का म्हणतात, बीट इंडियन आहे का, आणि (खरा प्रश्न हाच दिसतोय) मी त्यावर मराठी रॅप करून रिलीज केला तर चालेल का.

मी बरीच वर्षं पुण्या-मुंबईत डीजे म्हणून वाजवतोय, त्यात रेगे-डान्सहॉल, म्हणजे जमैकाचं नाचायचं म्युझिक, हा माझा मेन माल, त्यामुळे उत्तर जरा लांब होणार.

तर पहिलं, कोणीही ढापलेली नाही. ती बीट जमैकाच्या किंग्स्टन शहरातल्या स्टीव्हन मार्सडेन या प्रोड्युसरची, सगळे त्याला लेंकी म्हणतात, मूळचा कीबोर्डवाला माणूस. त्याने ट्रॅक बनवला, त्याला नाव दिलं दिवाली, आणि मग तो एकाच गायकाला न देता एकामागून एक बऱ्याच जणांना गायला दिला. डान्सहॉलमध्ये हा घोटाळा नाही, धंदाच असा चालतो. अशा ट्रॅकला रिडिम म्हणायचं. त्याला स्वतःचं नाव असतं, स्वतःचा प्रोड्युसर असतो आणि त्याची स्वतःची हवा असते, ती काही महिने टिकते. गायकाने त्यावर आवाज टाकला की त्याला व्हॉइस करणं म्हणतात. शॉन पॉलने दिवाली व्हॉइस केला, वेन वंडरने केला, बाउंटी किलरने केला, एलिफंट मॅनने केला, डॅनी इंग्लिश आणि एग नॉग या जोडीने केला, आणि अजून पुष्कळांनी. २००२ मध्ये लंडनच्या ग्रीनस्लीव्हज कंपनीने नुसत्या याच रिडिमवरच्या गाण्यांचा अख्खा अल्बम काढला, म्हणजे प्ले दाबलंस की शेवटपर्यंत तीच बीट, फक्त आवाज बदलत जातात. आपल्याकडच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटतं, मला माहितीये.

खरं तर वाटायला नको. जुन्या भजनाच्या पुस्तकात, भीमगीतांच्या छोट्या पुस्तिकांमध्ये गाण्याच्या डोक्यावर छापलेलं असतं बघ, "चाल: अमुक गाण्याची". एका चालीवर पन्नास गाणी, आणि कोणी म्हणत नाही चोरी झाली. पण यात एक मोठा फरक आहे आणि तिथेच लोक गडबडतात. आपण चाल उचलतो, म्हणजे सूर उचलतो, आणि मागचं वाद्य कुठलंही असो, ढोलकी असो की हार्मोनियम, काही बिघडत नाही. जमैकात बरोबर उलटं आहे. मागचं सगळं तेच ठेवायचं, अगदी तीच रेकॉर्डिंग, आणि चाल मात्र प्रत्येकाने स्वतःची आणायची. गायकाने दुसऱ्याची चाल त्याच रिडिमवर मारली तर तिथे हसं होतं. सगळ्यांना सारखाच माल मिळालाय, आता तू त्याच्यावर काय केलंस ते दाखव, असा मामला.

ही पद्धत आली कुठून तर साठच्या दशकाच्या शेवटी किंग्स्टनच्या साउंड सिस्टिमवाल्यांकडून. साउंड सिस्टिम म्हणजे रस्त्यावर किंवा मोकळ्या अंगणात भिंतीएवढे स्पीकर लावून रेकॉर्ड वाजवणारी टोळी. गाण्यातून गायकाचा आवाज काढून नुसतं म्युझिक वाजवलं तर पब्लिक पेटतं हे त्यांच्या लक्षात आलं, मग सिंगलच्या मागच्या बाजूला बिनआवाजाचं व्हर्जन छापायला लागले, आणि माइक घेऊन त्यावर बोलणारे आले. १९७० मध्ये यू-रॉयने ड्यूक रीडच्या ट्रेझर आयल स्टुडिओच्या जुन्या गाण्यांवर असं बोलून बोलून हिट काढले, तिथून रस्ता मोकळा झाला. (तिकडे माइकवर बोलणाऱ्याला डीजे म्हणतात आणि रेकॉर्ड लावणाऱ्याला सिलेक्टर, म्हणजे मी तिकडे गेलो तर डीजे नाही, सिलेक्टर.) १९७४ मध्ये रुपी एडवर्ड्सने एकाच रिडिमवर पूर्ण अल्बम काढला, 'यामाहा स्कँक', म्हणजे दिवालीचा अल्बम ही काय नवी आयडिया नव्हती. मग १९८५ मध्ये किंग जॅमी या प्रोड्युसरने स्लेंग टेंग नावाचा रिडिम आणला, तो तर कॅसिओच्या एमटी-४० या छोट्या कीबोर्डमधला तयार प्रीसेट, म्हणजे आधीच भरून ठेवलेला ठेका होता, तो स्लो करून त्यावर वेन स्मिथने गायलं आणि एका रात्रीत बँडवाल्यांचं काम धोक्यात आलं. सगळं कॉम्प्युटर-कीबोर्डवर बनवायचं, स्टुडिओत पाच वादक बसवायचे नाहीत, हे तिथून सुरू झालं आणि दिवाली त्याच घराण्यातला आहे.

आता बीट ऐकताना काय ऐकायचं ते सांगतो. हेडफोन लाव आणि आधी गाणं नको, नुसतं इन्स्ट्रुमेंटल ऐक. टेम्पो मिनिटाला साधारण १०० ठोक्यांच्या आसपास. नेहमीच्या डान्सहॉलमध्ये किक आणि स्नेअर (ड्रमचा जड ठोका आणि कडक ठोका) मिळून आठ मात्रांचे ३-३-२ असे तुकडे पाडतात, केहरवा वाजवणाऱ्याला आठ मात्रा सांगायला नकोत पण वजन भलतीकडेच पडतं त्यामुळे पहिल्यांदा पाय चुकतो. दिवालीमध्ये लेंकीने काय केलं तर ड्रमचं काम बरंचसं टाळ्यांवर सोपवलं. माणसांच्या घोळक्याने मारल्यासारख्या टाळ्या, सरळ चारावर न पडणाऱ्या, मध्येच दोन जवळजवळ येतात मग गॅप, मग परत. खाली बेस आहे पण तो गाण्याला खांद्यावर घेऊन चालत नाही, सिंथचा एक थर आहे, आणि बाकी मोकळी जागा. भरपूर मोकळी जागा. माझं स्पष्ट मत आहे की दिवाली एवढा चालला तो त्या मोकळ्या जागेमुळे. ज्या रिडिममध्ये आधीच एक जबरदस्त बेसलाइन किंवा कीबोर्डची धून आहे त्यावर दहा जण गायले तरी दहाही जण त्या धूनीचे गुलाम होतात. इथे धून गायकालाच आणावी लागते, आणि टाळ्या इतक्या ओळखीच्या की कोणीही गायलं तरी दोन सेकंदात कळतं दिवाली लागलाय.

आता तिघांना पाठोपाठ लाव. आधी वेन वंडर. हा गायक माणूस, किंग्स्टनच्या पेंटहाउस स्टुडिओत तयार झालेला, बुजू बँटनबरोबर गायलेला, गळा गोड. तो 'नो लेटिंग गो'मध्ये टाळ्यांशी भांडतच नाही, त्यांच्या वरून लांब स्वर ओढत जातो, किंचित मागे रेलून, जणू घाई कोणालाच नाही. टाळ्या इतक्या तुटक आणि आवाज इतका सलग, त्या दोघांमधल्या फरकातच गाण्याची मजा. लव्ह साँग आहे, प्रेमात पडलोय आता सोडणार नाही असा भाव, आणि बीट तीच जी अर्ध्या तासाने पोरांना घाम काढायला लावणार आहे.

मग 'गेट बिझी' लाव. शॉन पॉल इथे जवळजवळ गातच नाही. दोन-तीन सुरांच्या पलीकडे जात नाही तो. सुरुवातीलाच एकामागून एक पोरींची नावं घेतो आणि ती नावं निवडलीत कशी बघ, अर्थासाठी नाही, अक्षरांच्या ठेक्यासाठी. प्रत्येक अक्षर टाळीच्या शेजारी नाहीतर बरोबर टाळीवर. तोंडाचा ड्रम केलाय त्याने. लोक म्हणतात शॉन पॉल काय बडबडतो कळत नाही, अरे जमैकाच्या पॅटवा बोलीत आहे ते, पण समजा एक शब्द कळला नाही तरी गाणं पोचतं ते याच्यामुळे. जमैकातल्या कट्टर लोकांना तो थोडा गुळगुळीत वाटतो, अपटाउनचा, म्हणजे पैसेवाल्या वस्तीतला पोरगा म्हणून नाकं मुरडणारे पण होते, पण लयीच्या बाबतीत त्याच्या पिढीत त्याच्याइतका चोख माणूस मी तरी कमी ऐकलाय.

तिसरी ल्युमिडी. ही जमैकाची नाहीच, न्यूयॉर्कच्या स्पॅनिश हार्लेमची पोर्टो रिकन घरातली मुलगी. आवाज पातळ, बऱ्याच ठिकाणी सुराच्या जरा खाली, त्यावरून तिची भरपूर टिंगल झाली. पण दिवालीच्या टाळ्यांवर तो कोरा, शेजारच्या पोरीने जिन्यात बसून गुणगुणावं तसा आवाज असा काही बसला की मोठमोठ्या गायिका बाजूला राहिल्या. नंतर बस्टा राइम्स आणि फॅबोलसला घेऊन रिमिक्स पण आला.

आकडे बघ म्हणजे अंदाज येईल. अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० चार्टवर २००३ मध्ये 'गेट बिझी' पहिल्या नंबरवर तीन आठवडे, ल्युमिडी तिसऱ्यापर्यंत, वेन वंडर अकराव्यापर्यंत. एकच बीट, एकच वर्ष. आणि अमेरिकन रेडिओवाल्यांना हे काय चाललंय ते आधी उमगेना, कारण तिकडे बीट म्हणजे एका गाण्याची मालमत्ता, दुसऱ्याने वापरली की ती कॉपी किंवा सॅम्पल (उचललेला तुकडा). म्हणजे तुझ्या डोक्यात आलेला प्रश्न तेव्हा लाखो लोकांच्या डोक्यात आला होता.

बाकीच्यांना पण ऐक, नुसते हिट ऐकून रिडिम कळत नाही. बाउंटी किलरचं 'सफरर' शोध. त्याच नाचायच्या टाळ्या, आणि वरती त्याचा खरखरीत दमदार आवाज, आणि विषय गरिबीचा, हाल सोसणाऱ्या माणसाचा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं विषय आणि बीट जमणार नाही, पण तिकडे हे दोन वेगळे कप्पे नसतातच, ज्या वस्तीत हाल आहेत त्याच वस्तीत शनिवारी स्पीकर लागतो. एलिफंट मॅन म्हणजे दुसरं टोक, त्याला एनर्जी गॉड म्हणतात ते उगाच नाही, आरडाओरडा, नाचाच्या स्टेप्स, श्वास घ्यायला फुरसत नाही.

आता प्रोड्युसर असं का करतो, एकालाच देऊन मोठं गाणं का करत नाही? कारण साधं आहे. रिडिम बनवायला जो खर्च झाला तो एकदाच होतो. दहा जणांनी व्हॉइस केला आणि दोन चालले तरी वसूल, शिवाय नवख्या पोरांना मोठ्या नावांच्या रांगेत जागा मिळते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सिलेक्टरला हे हवंच असतं. तिकडे वाजवायच्या पद्धतीला जगलिंग म्हणतात, एकाच रिडिमवरची गाणी पाठोपाठ लावायची, एकेकाचं एक कडवं, फार तर दीड, की पुढचा आवाज. बीट थांबत नाही, नाचणारा थांबत नाही, आवाज बदलला की नवीन किक मिळते. एखादं फारच पेटलं तर रेकॉर्ड मागे ओढून पुन्हा पहिल्यापासून, त्याला पुल-अप.

मी ही जगलिंग आपल्याकडे एका लग्नाच्या संगीतला केली होती, उत्साहात. दिवालीवरची पाच-सहा गाणी ओळीने, कट एकदम स्वच्छ, मी स्वतःवरच खूश. तेवढ्यात मुलीचे काका स्टेजजवळ आले, "अहो, तुमचं गाणं अडकलंय का? मघापासून तेच वाजतंय." काय सांगणार त्यांना! मी म्हटलं हो काका, बदलतो, आणि भांगडा लावला. पण त्यातून एक शिकलो, आपल्या पब्लिकला तीन आवाजांच्या वर नाही. वेन वंडरने सुरू करायचं, मध्ये ल्युमिडी, शेवटी 'गेट बिझी'. उलटं कधीच नाही, 'गेट बिझी' आधी लावलंस तर पुढचं सगळं पडल्यासारखं वाटतं. आणि वेन वंडरच्या आधी नुसत्या टाळ्या आठ बार जाऊ द्यायच्या, लोक आपोआप टाळ्या मारायला लागतात. तिन्ही ट्रॅकचा टेम्पो जवळजवळ सारखा आहे तरी टेम्पो आपोआप जुळवणाऱ्या सिंकच्या बटणावर विसंबू नकोस, वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाइल असतात, थोडा फरक निघतो आणि टाळीवर टाळी घसरली की लगेच घोडे पळाल्यासारखा आवाज येतो. कानाने जुळव.

आता नाव. बीटमध्ये तबला नाही, सतार नाही, आपलं काहीच सॅम्पल केलेलं नाही. काही जणांना टाळ्यांमध्ये गरबा नाहीतर कव्वाली ऐकू येते, मला विचारशील तर तसं ताणून काढण्यात अर्थ नाही. तिकडे रिडिमला नावं कशीही देतात, बुकशेल्फ आहे, प्लेग्राउंड आहे, बझ आहे, बायआउट आहे, ज्या गाण्यांचा पुस्तकाच्या कपाटाशी काडीचा संबंध नाही त्यांच्या बीटचं नाव बुकशेल्फ. पण दिवाली हा शब्द जमैकात परदेशी नव्हता, हे लक्षात घे. १० मे १८४५ ला ब्लंडेल हंटर नावाचं जहाज ओल्ड हार्बर बे इथे लागलं, करारावर आणलेले पहिले भारतीय मजूर घेऊन. गुलामी कायद्याने बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांना स्वस्त हात हवे होते म्हणून. पुढच्या सत्तरेक वर्षांत तिथे ३६ हजारांच्या वर माणसं गेली, बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडची, आपल्या भागातली नव्हेत. त्यांच्याबरोबर रोटी गेली, करी गेली (करी गोट हे आज जमैकन पार्टीचं जेवण आहे), चिलीम गेली, आणि गांजा हा शब्द तर रेगेवाल्यांनी जगभर नेला. डान्सहॉलचा मोठा डीजे सुपर कॅट भारतीय वंशाचा आहे, आडनाव माराघ, कुठल्यातरी महाराजचं घासून घासून झालेलं रूप दिसतंय. या भारतीय वंशाच्या लोकांना तिकडे कुली म्हणतात, मळ्यावरच्या शिवीतून आलेला शब्द. दिवालीनंतर वर्ष-दीड वर्षात स्कॅटा बरेलचा कुली डान्स रिडिम आला, त्यावर निना स्कायचं 'मूव्ह या बॉडी' आणि पिटबुलचं 'कुलो' झालं. ती गाणी आपल्याकडच्या क्लबमध्ये जोरात वाजली, आणि नाचणाऱ्यांपैकी कोणाला बीटचं नाव माहीत नव्हतं. गंमत म्हणजे 'गेट बिझी' बिलबोर्डवर पहिलं आलं तो चार्ट १० मे २००३ चा, म्हणजे त्या जहाजाचीच तारीख. योगायोग आहे, पण मला आवडतो.

आता तुझा रॅप. यूट्यूबवरून दिवालीचं इन्स्ट्रुमेंटल उतरवून घरी त्यावर हवं तेवढं लिही, कोणी काही म्हणणार नाही, उलट सराव म्हणून यासारखी बीट नाही. पण रिलीज करायचं तर थांब. "जमैकात सगळेच एकमेकांची बीट वापरतात, तिथे कॉपीराइट कोण मानतं" हे आपल्याकडच्या पोरांकडून नेहमी ऐकतो, आणि ते चूक आहे. लेंकीने ज्यांना दिली त्यांनी वापरली. जमैकाचा स्वतःचा कॉपीराइट कायदा १९९३ चा आहे, आणि ल्युमिडीच्या गाण्यावर लेखक म्हणून मार्सडेनचं नाव आहे. शिवाय यात दोन वेगळे हक्क येतात, एक त्या रचनेचा आणि दुसरा त्या रेकॉर्डिंगचा, तू मूळ फाइलच वापरलीस तर दोन्हीकडून परवानगी लागेल. इन्स्ट्रुमेंटलच्या व्हिडिओखाली कोणी "फ्री टू यूज" लिहिलं असेल तर ते लिहिणाऱ्याच्या हातात काही नसतं.

आणि जुनी बीट आहे, आता कोण बघतंय, असंही धरू नकोस. स्टीली अँड क्लीव्ही या जमैकन प्रोड्युसर जोडीने १९८९ मध्ये फिश मार्केट नावाचा रिडिम केला होता. पुढे रेगेटॉन हा स्पॅनिश गाण्यांचा प्रकार ज्या ठेक्यावर उभा राहिला तो आमचाच, असं म्हणत २०२१ मध्ये त्यांच्या कंपनीने कॅलिफोर्नियाच्या कोर्टात रेगेटॉनचा स्टार डॅडी यँकीसकट मोठमोठ्या लोकांवर दावा लावला. तोपर्यंत मूळ बीट होऊन तीस वर्षं उलटून गेली होती. दावा आत्ताच फेटाळा ही दुसऱ्या बाजूची मागणी न्यायाधीशांनी २०२४ मध्ये बहुतांशी नाकारली. म्हणजे नुसत्या ठेक्यावर हक्क सांगता येतो का हा वाद जिवंत आहे, आणि त्यात तू तुझ्या पहिल्या गाण्याने उडी मारावीस असं मला वाटत नाही.

त्यापेक्षा असं कर. दिवालीवर एकच कडवं तीन वेळा रेकॉर्ड कर, शब्द तेच. एकदा वेन वंडरसारखं ताणून, एकदा शॉन पॉलसारखं अक्षर अक्षर तोडून, एकदा काहीच न करता तुझ्या बोलायच्या आवाजात. मराठीत तोडायला मजा येते कारण आपल्याकडे जोडाक्षरं आहेत, "गच्ची", "पट्टा", "धक्का" असले शब्द टाळीवर आपटतात, आणि "ये ना गं" सारखं काहीतरी लांबवायला चांगलं. तिन्हीत जे तुझं वाटेल ते ठेव. मग चार मित्र बोलव, एका खोलीत फोनवर नाही तर नीट माइकवर टाळ्या रेकॉर्ड करा, ९५ ते १०५ टेम्पोमध्ये तुझा स्वतःचा पॅटर्न बांध, ३-३-२ धर पण लेंकीच्या टाळ्यांची सरळ नक्कल नको, आणि वर काही भरू नकोस, जागा राहू दे. आणि ती बीट झाली की एकट्याने वापरू नकोस, ओळखीच्या दोन-तीन रॅपरना पण दे, लेखी ठरवून, कोणाचा किती टक्के ते आधीच. त्यातलं एक तरी गाणं तुझ्यापेक्षा भारी निघेल, तेव्हा चिडू नकोस, बीट तुझीच आहे.